वाट्याची वीज

गल्लीत सगळे तिला मुकादमीण म्हणत, पण ते पाठीमागे. तोंडावर काकू. नवराही हे नाव घ्यायचा तो ती जवळपास नाही अशी खात्री करून.

नवऱ्याने उभा जन्म वीजघराच्या बॉयलरमध्ये कोळसा घातला होता. पुढे वीजघर बंद झालं. धुराडं पाडलं त्या दिवशी सगळी गल्ली गच्च्यांवर चढून बघत होती आणि म्हातारा घरात खोकत बसला होता.

"पडलं का?" त्याने विचारलं.

"पडलं."

"सरळ की वाकडं?"

"तुमच्यासारखं. आधी वाकलं, मग बसलं."

म्हातारा हसला आणि हसण्याचा पुन्हा खोकला झाला.

मग गल्लीने आपली आपण वीज केली. छपराछपरावर सोलर पॅनेलं बसली. कोळशाच्या जुन्या कोठीला पांढरा रंग देऊन तिथे सगळ्यांची मिळून एक मोठी बॅटरी ठेवली. ऊन असलं की कुणी कुणाला विचारत नसे. मळभ आलं की मात्र बॅटरीतली वीज घरटी सारखी वाटली जाई, आणि ज्याचा वाटा संपला त्याची लाइन आपोआप बंद. जास्त लागली तर दुसऱ्याकडून मागून घ्यायची. देणाऱ्याने होकार दिला की कोठीत बसलेला वायरमन इकडचा वाटा तिकडे वळवायचा.

मागायचं कसं, हा नियम मुकादमिणीचा. सुरुवातीला लोक वायरमनच्या कानाला लागायचे. गोड बोलून, चहा पाजून. ते तिला खपलं नाही. "कानात मागितलेलं ते चोरीचं," ती सभेत म्हणाली. "मागायचं तर चारचौघांत उभं राहून मागा. कशाला पाहिजे, किती पाहिजे, परत कधी देणार, सगळं सांगा. लाज वाटत असेल तर अंधारात बसा. अंधारात लाज दिसत नाही." लोक हसले. हसता हसता नियम झाला.

त्या नियमाखाली पहिली सापडली ती कोपऱ्यावरची शिवणवाली. एकटी बाई, शाळेच्या गणवेशांचं काम अंगावर घेतलेलं आणि वर आठवडाभर मळभ. हातातल्या कापडाची घडी घालत, उलगडत ती कोठीतल्या सभेत उभी राहिली. कोणी हो म्हणायच्या आत मुकादमीण बोलली, "अंथरूण पाहून पाय पसरावेत, बाई. मशीनला पायडल असतं. पाय देवाने दिलेच आहेत." मग कोण हो म्हणतंय? शिवणवाली खाली बसली. पुन्हा काही मागायला ती उभी राहिली नाही आणि मुकादमिणीशी बोललीही नाही.

पुढे म्हाताऱ्याच्या छातीने दगा दिला. कोळसा आत जाऊन बसला होता, तो आता भाडं मागत होता. दवाखान्याने घरी मशीन दिलं. हवेतून प्राणवायू ओढायचं आणि नळीने नाकात सोडायचं. ते सतत चालू ठेवायचं, थांबलं तर म्हाताऱ्याचे ओठ निळे पडायला वेळ लागत नाही, असं डॉक्टरने बजावलं होतं.

"जन्मभर वीज करायला कोळसा ओढला," म्हातारा म्हणाला, "आता श्वास ओढायला ऊन लागतंय."

ऊन होतं तोवर ठीक चाललं. मग ढग आले ते मुक्कामालाच आले.

मुकादमिणीने कंबर कसली. फ्रिज बंद केला. दूध लागेल तेवढंच आणायची. पंखा बंद, इस्त्री बंद, टीव्हीवर चादर, सभेला जाणंही बंद. उजेड आहे तोवर जेवणं उरकायची आणि मग दोघं काळोखात बसायची. मशीनचा तेवढा घरघराट.

"अगं, सभेत एक शब्द टाक," म्हातारा म्हणाला. "आजाऱ्याला कोण नाही म्हणेल?"

"त्या शिवणवालीला मी काय बोलले ते विसरलात? तिच्यासमोर आता मी उभी राहू?"

"मग मी राहतो."

"आधी नीट बसायला शिका. उभं राहायचं नंतर बघू."

तो उशीला टेकून नीट बसला. मग म्हणाला, "सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात ते तुझ्यावरूनच."

"तो पीळ होता म्हणून तुमचा संसार झाला," ती म्हणाली आणि त्याच्या पायांवरचं पांघरूण सारखं केलं. जिवाला घोर मात्र होता. पहिले काही दिवस मशीनकडे कान लावून बसायची. आता थांबेल, मग थांबेल.

पण मशीन थांबलं नाही. वाटा पुरला. एक दिवस पुरला, दोन दिवस पुरला, ढग हटेनात तरी पुरत राहिला. मुकादमिणीची मान पुन्हा ताठ झाली. भाजीवाल्याकडे चार बायका भेटल्या की सांगायची, "नेटकेपणा लागतो. माझ्या घरात मशीन चालतं, तरी माझी लाइन जात नाही. आणि काहींना नुसते दिवे लावून पुरत नाही." बायका भाजी निवडत राहायच्या. कोणी उत्तर देत नसे. मुकादमिणीला वाटायचं, उत्तर असेल तर देतील ना.

एका सकाळी म्हातारा गेला. नळी नाकात होती, मशीन चालू होतं, तिचा हात त्याच्या छातीवर होता. छाती वर आली, खाली गेली आणि मग आलीच नाही. मशीन बिचारं तसंच हवा सोडत राहिलं. तिने ते बराच वेळ बंद केलं नाही.

भेटायला आलेल्या प्रत्येकाला ती एकच सांगत होती. "लाइन एकदाही गेली नाही हो. विजेवाचून गेले असं कोणी म्हणायला नको. आणि कुणापुढे हात पसरला नाही." लोक मान खाली घालून ऐकत. रडू येत नव्हतं तिला. या एका गोष्टीला धरून ती उभी होती.

मशीन दवाखान्यात परत गेलं. तिने फ्रिज चालू केला, एक दिवा लावला. बाहेर ढग होतेच. दुसऱ्या दिवशी दुपार कलायच्या आत लाइन गेली. तिला वाटलं, काही बिघडलं असेल. त्याच्या दुसऱ्या दिवशीही गेली. फ्रिजमधलं दूध नासलं आणि मुकादमिणीचं डोकं फिरलं.

संध्याकाळच्या सभेला ती गेली आणि नियमाप्रमाणे उभी राहिली.

"मी मागायला आलेली नाही," ती म्हणाली. "माझी वीज कोण खातंय ते विचारायला आलेय. मशीन होतं तेव्हा दिवसरात्र लाइन होती. आता मशीन नाही, माणूसही नाही, एक फ्रिज आणि एक दिवा, तर दुपारीच अंधार? विधवा झाले म्हणून लुटता का मला?"

वायरमन खाली बघून बोटावरचा काळा डाग घासत बसला.

"तू सांग. तुझ्या हातात आहे सगळं."

"काकू, घरी चला. मी उद्या येऊन सांगतो."

"इथेच. चारचौघांत."

वायरमनने शिवणवालीकडे पाहिलं. शिवणवाली म्हणाली, "सांग आता. ज्यांना शब्द दिला ते गेले."

"तुमचा वाटा पूर्वीइतकाच आहे, काकू," वायरमन म्हणाला. "मशीन फार वीज ओढायचं. तुमच्या वाट्यात ते दुपारपर्यंतसुद्धा चाललं नसतं. गल्ली देत होती. रोज, प्रत्येक घर थोडं थोडं. मशीन परत गेलं तसं मी वळवणं बंद केलं."

"खोटं. मी कुणाकडे मागितलं नाही."

"काकांनी मागितलं."

मुकादमीण खाली बसली नाही, पण तिचा हात बाकाकडे गेला.

"ते घराबाहेर पडत नव्हते. दारापर्यंत जाणंही त्यांना जमत नव्हतं."

"आले होते," शिवणवाली म्हणाली. "ढग आले तेव्हाच, नळी काढून. सभा चालू होती. आम्ही खुर्ची दिली तर घेतली नाही. म्हणाले, नियम आमच्या घरातून निघालाय, आमच्या घराने मोडायचा नाही. भिंत धरून उभे राहिले. एक शब्द बोलायचे, थांबायचे, दुसरा बोलायचे. कशाला पाहिजे, तर श्वासाला. किती पाहिजे, तर फार दिवस लागणार नाही. परत देणं काही माझ्याच्याने व्हायचं नाही, म्हणाले."

"आणि?"

"तिला कळू देऊ नका म्हणाले. मी तसाही जाणार आहे, तिला मागे राहायचंय. तिच्याकडे तेवढंच आहे, ते राहू द्या."

कोठीत बॅटरीची बारीक गुणगुण चालू होती. "पहिला हात हिने वर केला," वायरमन म्हणाला.

मुकादमिणीने शिवणवालीकडे पाहिलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा सरळ पाहिलं.

"तुमच्यासाठी नव्हता केला," शिवणवाली म्हणाली.

"ठाऊक आहे."

एकेक जण उठून निघून गेला. वायरमननेही बाहेर काही काम काढलं. शिवणवाली उठली, तेवढ्यात मुकादमिणीने तिचं मनगट धरलं. ते धरूनच ती बाकावर बसली.

"कुठल्या भिंतीला उभे होते?"

शिवणवालीने दाखवलं.

"अंगात काय होतं? स्वेटर होता का? गारठा होता त्या दिवसांत."

"होता. बटणं खालीवर लागली होती."

मुकादमिणीने डोळ्यांना पदर लावला. नवरा गेल्यापासून पहिल्यांदा. शिवणवालीचं मनगट तिने सोडलं नव्हतं.

"बाई," ती म्हणाली, "मला ते सगळं पुन्हा सांगशील का? अगदी पहिल्यापासून. ते दारात आले तिथपासून."

घरी शिवणवालीचं काम पडलं होतं. तिने एकदा दाराबाहेर पाहिलं आणि बाकावर बसली.

"तुम्ही भाजीला गेला होतात," तिने सुरुवात केली. "आम्हाला आधी नुसता खोकला ऐकू आला."