पत्र्याच्या डब्यातला चहाडखोर

मी एक जुना फोन आहे, मित्रांनो. माझा कोपरा फुटला आहे, आवाज चिरका झाला आहे. माझ्यासारखे जुने झालेले बहुतेक जण आपण केलेल्या सेवेचे गोडवे गातात. मला ते तोंड नाही, कारण मी चहाडखोर आहे.

कारखान्यातून मी आलो तो शर्टांच्या कॉलरी शिवणाऱ्या एका बाईंकडे. त्यांनी उरलेल्या चिंध्यांतून माझ्यासाठी अस्तराची पिशवी शिवली, तिला बटणही लावले. इतके लाड माझे पुन्हा कोणी केले नाहीत.

एकदा जिन्यातला दिवा गेला, म्हणून बाईंनी माझ्यात टॉर्चचे एक फुकटचे ॲप घेतले. टॉर्चने विचारले, तुम्ही कुठे असता ते बघू का? शेजारी कोणाचे फोन असतात ते बघू का? बाईंनी न वाचता प्रत्येक वेळी 'हो' दाबले. तेव्हापासून माझ्या पोटात काही राहीना. बाई कुठे जातात, किती वेळ थांबतात, कोणाबरोबर चालतात, सगळे मी कळवत गेलो. ते विकत घेणारी एक कंपनी होती. ती माणसांचे गट पाडायची आणि कोणाला कामावर घ्यावे, कोणाला टाळावे, हे इतरांना सांगायची.

बाई कामाला जायच्या त्या शिलाईखोलीत नियम होता, की येताच सगळ्यांनी फोन दारातल्या पत्र्याच्या डब्यात टाकायचे. बाई आणि त्यांची धाकटी जाऊ बरोबर यायच्या, बरोबर जायच्या. त्यामुळे जाऊचा फोन दिवसभर माझ्या अंगावर पडलेला असे. जाऊ धीट होती. चाळीस बायकांना एकच संडास, म्हणून तिने दुसऱ्यासाठी अर्ज लिहिला आणि सह्या गोळा केल्या.

"मला नको गं यात ओढूस," बाई म्हणाल्या. "हॉस्पिटलात चादरी शिवायची कायमची जागा निघतेय. दुपारी सुटी होते. लेक घरी एकटी असते, माझा जीव टांगणीला लागतो."

"बरं ताई, तुमचं नाव नाही घालत," जाऊ म्हणाली, आणि तिने ते खरोखरच घातले नाही.

अर्ज हातात पडताच शिलाईखोलीच्या मालकाने जाऊचे नाव त्या कंपनीला कळवले. पुढचे काम मी केले. आठ तास एका डब्यात, येता-जाता एकाच रस्त्याने, म्हणजे दोघी एकाच गटातल्या, असा हिशेब तिथल्या यंत्राने मांडला.

हॉस्पिटलात बाईंनी उशीचा अभ्रा असा सुबक शिवला, की परीक्षा घेणाऱ्या बाई बघतच राहिल्या. पण कारकुनाने पडद्याकडे पाहून मान हलवली.

"काम झकास आहे हो तुमचं. पण इथे शेरा आलाय, भांडखोर गटातल्या म्हणून."

"मी? मी तर सहीसुद्धा केली नाही!"

"कोणीतरी सांगितलं असणार. आम्ही काय करणार?"

सांगणारा त्यांच्याच मुठीत होता, पिशवीत, बटण लावून.

बाई तडक जाऊच्या दारात गेल्या. "तूच माझं नाव घातलंस!"

"तुमची शपथ ताई, नाही."

"माझी शपथ घेऊ नकोस." आणि ज्या बोटाने 'हो' दाबले होते, त्याच बोटाने त्यांनी जाऊचा नंबर बंद केला. रस्ताही बदलला. दारात जाऊशी गाठ नको, म्हणून मला डब्यात टाकायचे सोडून जेवणाच्या पिशवीत लपवू लागल्या. त्या आता एकट्या असतात, हेही मी इमानदारीने कळवले, आणि यंत्राने त्यांना त्या गटातून काढले.

चार महिन्यांनी निरोप आला, हॉस्पिटलात तुमची निवड झाली आहे. बाई हरखून लेकीला म्हणाल्या, "बघितलंस? तिची संगत सोडली आणि नशीब उघडलं."

"मग काकू आता कधीच येणार नाही?" लेकीने विचारले. बाई जेवणाचे डबे घासत राहिल्या.

आता माझी पिशवी नव्या फोनला घातली आहे आणि मी खणात पडून आहे. मित्रांनो, मला ओरखड्यांपासून जपा, असे मी म्हणणार नाही. 'हो' दाबण्याआधी तेवढे वाचा. आणि कोणी तुमच्यावर शेरा मारला, तर आपल्या माणसावर संशय घेण्याआधी मुठीत काय आहे ते बघा.

जाऊने नाव घातले नव्हते, हे मला पक्के ठाऊक आहे. साऱ्या जगाला सांगत सुटलेला मी, बाईंना मात्र एवढे एक सांगू शकलो नाही.