बोटीतली उशी

एल्डन हौगनला अभिमान दोनच गोष्टींचा होता, एक त्याची बोट आणि दुसरी त्याच्या हातची गाठ. तंगुसाला, म्हणजे मासे धरायच्या नायलॉनच्या दोऱ्याला, गळ बांधायचा तो त्यानेच. दुसऱ्या कुणी हात लावलेला त्याला खपत नसे, मग ती स्वतःची बायको का असेना. बायको म्हणजे अर्डिस. ती बोटीत पुढच्या बाकावर बसायची, निळ्या चौकडीच्या उशीवर. वसंतात तळ्यावरचं बर्फ फुटलं की ती उशी बोटीत जायची, ती तळं पुन्हा गोठेपर्यंत तिथेच. एकदा एल्डनच्या बहिणीने स्वयंपाकघरात बसायला उशी मागितली, तर अर्डिसने तिला टॉवेलची घडी करून दिली. म्हणाली, उशी बोटीची आहे.

टॅमरॅक तळ्यावर जूनमध्ये जोडप्यांची स्पर्धा असते. एका बोटीत नवरा आणि बायको, तिसरं माणूस नाही. दुपारी भोंगा वाजेपर्यंत सहा वॉलआय मासे धरायचे, बोटीतल्या टाकीत जिवंत ठेवायचे, काठावर वजन करून परत पाण्यात सोडायचे. ज्यांच्या माशांचं वजन भारी त्यांची नावं क्लेटनच्या दुकानातल्या लाकडी माशावर रंगवतात. क्लेटन म्हणजे गळ आणि आमिषाच्या जळवा विकणारा. स्पर्धा तोच भरवतो आणि कर्ण्यावरून दिवसभर बडबडही तोच करतो. हौगन नवराबायको दर वर्षी उतरायचे, पण त्या लाकडी माशावर त्यांची नावं काही चढली नव्हती.

आणखी एक रीत आहे. ज्याच्या हातून बोटीशी आलेला मोठा मासा निसटतो, त्याच्या गळ्यात संध्याकाळच्या जेवणात एक जुनी हातजाळी घालतात. जाळी कसली, जाळं केव्हाच कुजून गेलेलं, नुसती कडी आणि दांडा. दांड्यावर त्या माणसाचं नाव लिहायचं आणि त्याने ती वर्षभर घरात टांगायची. सगळी थट्टाच. आजवर कुणाला तिचा राग आला नव्हता.

त्या दिवशी सकाळी चांगलीच थंडी होती. एल्डनची बोटं संधिवाताने आधीच आखडलेली. तळाच्या खडकावर घासून तंगूस खरबरीत झाला, म्हणून त्याने तो तोडला आणि नवा गळ बांधायला घेतला. दोनदा गळ हातातून पडला.

"दे इकडे, मी बांधते," अर्डिस म्हणाली. "बोटं बघ तुझी, लाकडं झालीत नुसती."

"माझी बोटं मी बघतो. तू तुझ्या जळवा सांभाळ."

"अरे, निदान थुंकी तरी लाव गाठीला. कोरडी ओढू नकोस, सुटते."

"तुझी ओळख नव्हती तेव्हापासून गाठी मारतोय मी."

"हो, आणि तेव्हा तुला चष्मा नव्हता," ती म्हणाली आणि हसली. तोही हसला. गाठ मात्र त्याने कोरडीच ओढली. का, तर तिने सांगितलं होतं म्हणून. माणसाचा हट्ट हा असा असतो, त्याला दुसरं कारण लागत नाही.

दुपार होत आली तेव्हा टाकीत पाच चांगले मासे होते. वारा पूर्ण पडला होता, पाणी कसं सपाट झालं होतं. खडकाळ तळाच्या त्या पट्टीवर हाकेच्या अंतरावर इतरही बोटी होत्या. सगळ्यांत जवळची वेन्डेल आणि जोलीनची, हौगनांच्या शेजारच्याच घरात राहणाऱ्यांची. आणि तेवढ्यात एल्डनची गळाची काठी वाकली ती वाकलीच.

"जाळी घे," तो म्हणाला. त्याचा आवाज बारीक झाला होता.

मासा खूप वेळ खालीच राहिला. मग हळूहळू वर आला. आधी शेपटीचं पांढरं टोक दिसलं, मग तो काचेसारखा डोळा. असा वॉलआय दोघांनी उभ्या जन्मात धरला नव्हता. याला टाकीत घातलं की लाकडी माशावर नाव पक्कं, हे दोघांनाही न बोलता कळलं. अर्डिस गुडघ्यांवर बसली, तिने जाळी खालून सरकवली. माशाचं डोकं जाळीच्या तोंडाशी आलं आणि तंगूस एकदम ढिला पडला. मासा क्षणभर तिथेच थांबला, त्यालाही खरं वाटलं नसावं. मग सावकाश खाली गेला.

आता, मासा गेला तर गेला. तळ्यावर रोज जातात. पण एल्डनच्या जिभेला त्या दिवशी काय झालं होतं कोण जाणे.

"जाळीची कडी मारलीस! कडीने तोडलास दोरा!" तो ओरडला. "किती वर्षं शिकवतोय तुला? दगडाला शिकवलं असतं तर दगड शिकला असता. एक जाळी धरायची, तेवढं एक काम, तेही धड होत नाही तुला. तुला बोटीत घेतलं हीच माझी चूक झाली."

सपाट पाण्यावरून आवाज कुठवर जातो हे त्याला कुणी सांगायला नको होतं. सगळ्या बोटींतली डोकी वळली आणि लगेच परत फिरली. इथली माणसं अशीच आहेत, दुसऱ्याच्या घरातलं कानावर पडलं की यांनाच चोरट्यासारखं होतं. वेन्डेल टाकीचं झाकण उघडून आत बघत बसला. जोलीनने काठाकडे तोंड फिरवलं.

"चुकलं माझं," अर्डिस हळूच म्हणाली. तिने जाळी आडवी ठेवली आणि उशीवर पाण्याकडे तोंड करून बसली.

एल्डनने तणतणत तंगूस गुंडाळला. टोक हाताशी आलं आणि त्याचे कान तापले. टोक पिळलेलं होतं, डुकराच्या शेपटीसारखं. तंगूस कशाला लागून तुटला तर सरळ तुटतो. असं पिळलेलं टोक राहिलं म्हणजे गाठ सुटली. हे या तळ्यावर शेंबड्या पोरालाही ठाऊक. गाठ त्याची होती. सकाळची, कोरडी, हट्टाने ओढलेली.

तिथल्या तिथे तो बोलला असता तर ही गोष्ट सांगायची वेळ आली नसती. "गाठ सुटली गं" एवढंच म्हणायचं होतं. तोंड उघडलंही होतं त्याने. पण इतक्या जणांनी ऐकलं, आता कोणत्या तोंडाने फिरवू, असं त्याला वाटलं. त्याने ते टोक दातांनी तोडलं. पाण्यात टाकून मोकळा झाला असता, पण तळ्यात तंगूस टाकायचा नाही ही त्याची आयुष्यभराची सवय. पाण्यातली बदकं अडकून मरतात. तेव्हा तो तुकडा त्याने जाकिटाच्या खिशात घातला. बायकोपेक्षा बदकांची काळजी जास्त, हे नंतर त्याच्या मनात आलं आणि त्याला स्वतःची शिसारी आली.

वजनात ते दुसरे आले. त्या एका माशाने पहिले आले असते.

"काय अर्डिस," क्लेटन कर्ण्यावरून म्हणाला, "मोठा पाहुणा दारातून परत गेला म्हणे?"

"हो ना," ती म्हणाली. "माझ्या जाळीने घात केला."

एल्डन शेजारीच उभा होता. आपल्या बुटांकडे बघत होता. आता बोल, आता बोल, असं तो स्वतःला म्हणत राहिला, आणि क्लेटनने पुढच्या जोडप्याला हाक मारली.

संध्याकाळी चर्चच्या तळघरातल्या हॉलमध्ये जेवण होतं. बटाट्याचं भाजलेलं कालवण, रानतांदळाचं सूप, जोलीनच्या लिंबाच्या वड्या. क्लेटनने ती रिकामी कडी अर्डिसच्या गळ्यात घातली. लोक हसले, पण दरवर्षीसारखे नाही. कुणी आरोळी ठोकली नाही. अर्डिस मात्र हसली, कडीतून मान वाकडी करून फोटोसुद्धा काढू दिला, आणि दांड्यावर स्वतःच्या हाताने नाव लिहिलं. जोलीनने तिला उगाचच जवळ घेतलं. एल्डनला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"बटाटे घे अजून," वेन्डेल त्याला म्हणाला. एरवी वेन्डेल त्याची टर उडवल्याशिवाय घास गिळत नसे.

"मासा मोठा होता," एल्डन म्हणाला.

"असेल, असेल," वेन्डेल म्हणाला, आणि ताटात बघू लागला.

घरी आल्यावर एल्डन बोट धूत होता तेव्हा अर्डिस बाहेर आली. पुढच्या बाकावरची उशी तिने उचलली, दोन चापट्या मारून झटकली आणि काखेत घेतली.

"उशी कशाला नेतेस?"

"बसायला," ती म्हणाली.

उशी स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर गेली. कडी दाराशेजारच्या खिळ्यावर गेली. अर्डिस रुसली नाही, आदळआपट केली नाही, त्याच्या कॉफीत साखर घालायची विसरली नाही. भांडली असती तर त्याला सोपं झालं असतं. तो येता-जाता त्या दांड्यावरचं नाव वाचायचा आणि मान खाली घालायचा. संध्याकाळी बोट काढायची त्याची हिंमत होईना, कारण चल म्हणायला हवं होतं आणि ती नाही म्हणाली तर काय, हा विचार त्याला सोसत नव्हता. ती पुन्हा बोटीत बसेल की नाही, आता त्याचं सगळं चित्त तिथेच लागलं होतं. लाकडी मासा गेला खड्ड्यात.

शेवटी एका सकाळी तो मनाशी सगळं ठरवून बसला. खिशातला तो तुकडा काढून त्याने टेबलावर बशीत ठेवला. अर्डिस बटाटे सोलत होती.

"हे बघ," तो म्हणाला. "गाठ सुटली होती. माझी. तुझी जाळी बरोबर होती."

तिने बशीकडे नीट बघितलंही नाही.

"माहीत आहे मला. तू गुंडाळत होतास तेव्हा ते टोक माझ्या नाकासमोरून गेलं."

"मग बोलली का नाहीस?"

"तू बोलशील म्हणून."

"कर्ण्यावरसुद्धा स्वतःवर घेतलंस."

"तेव्हाही वाट बघत होते. तू शेजारीच होतास."

"मी जातो क्लेटनकडे. आत्ता जातो. सकाळच्या कॉफीला सगळे असतील तिथे. सांगतो की गाठ माझी होती, कडी माझ्या गळ्यात घाला. तुझं नाव खोडून माझं लिहितो."

"जा की," ती म्हणाली. "गाठीचं सांगून ये."

तो उठला, खिळ्यावरची कडी काढली. एवढं बोललो, आता हलकं वाटेल, असं त्याला वाटत होतं. दाराशी पोचला तेव्हा मागून तिचा आवाज आला, नेहमीचाच, मीठ कुठे आहे विचारावं तसा.

"एल्डन, गाठ पक्की असती तर? खरंच माझ्याच हाताने तुटला असता तर?"

तो थांबला. उत्तर त्याला लगेच कळलं. ओरडला तर तो तेव्हाही असताच. अगदी तेच शब्द, तेवढ्याच मोठ्याने. आणि जेवणात दोनदा बटाटे घेऊन, वेन्डेलशी हसून, घरी येऊन गाढ झोपला असता. इतके दिवस तो लाजत होता ते एका गाठीपायी. तिला जे बोलला त्याची लाज त्याला वाटलीच नव्हती.

"ओरडलोच असतो," तो म्हणाला. "आणि मला काही वाटलंही नसतं."

"हं," ती म्हणाली. "तेवढंच विचारायचं होतं."

ती पुन्हा सोलायला लागली. एल्डनने कडी परत खिळ्याला अडकवली. क्लेटनच्या दुकानात जाऊन आता सांगायचं तरी काय, हे त्याला कळेना. गाठीचं सांगणं अगदीच सोपं होतं.

"उशी ठेवून येऊ बोटीत?" त्याने विचारलं.

अर्डिसने हातातला बटाटा पुरता सोलला, पाण्यात टाकला.

"राहू दे," ती म्हणाली. "इथे बरी आहे."