कुत्र्याने दाखवलेला चोर

रेणापूरच्या अलीकडच्या एका गावात पोलिसांचं कुत्रं आलं, तेव्हा भैरवनाथाच्या देवळापुढे मुंगीला शिरायला वाव नव्हता. देवाचा चांदीचा मुखवटा चोरीला गेला होता. कुत्र्याने देवाच्या अंगावरचा शेला हुंगला, पारावरून उडी घेतली आणि ते बाजाराच्या वाटेने पळत सुटलं. अख्खं गाव मागे. मकबूल टेलरच्या दुकानात, थेट शिलाई मशीनच्या पायाशी ते थांबलं आणि भुंकलं.

"कुत्रं कोणाचं वाहन हाय?" पुजारी वीरण्णा दोन्ही हात वर करून म्हणाला. "भैरवनाथाचं. मंग ते कोणाच्या हुकमानं धावलं? सरकारच्या का देवाच्या?"

साखळी धरणारा हवालदार सोमेश सांगत होता, "ते फक्त वास दाखवतं. चोर शोधायचा अजून बाकी हाय." पण ऐकतो कोण? दुसऱ्या दिवशी कुत्रं जिथे बसलं होतं तिथे वीरण्णाने कुंकू वाहिलं आणि नारळ फुटू लागले. गावाने सरकारी कुत्र्याला एका दिवसात देव केलं. ते बिचारं तोवर लातूरला पोचून आपली भाकर खात होतं.

कुत्रं धावलं तेव्हा देवस्थान समितीचे अध्यक्ष हणमंतराव गर्दीतच होते. शेला हवालदाराच्या हातात त्यांनीच दिला होता. आदल्या संध्याकाळी त्याचा उसवलेला काठ मकबूलकडून शिवून आणला होता, तोही त्यांनीच. देवाचं काम म्हणून मकबूलने तासभर तो मांडीवर घेऊन हाताने टाके घातले होते. मग कुत्रं दुसरीकडे जाणार कुठे? हणमंतरावांना हे जागच्या जागी कळलं, अगदी ओठांवर आलं. पण गाव जयजयकार करत होतं, वीरण्णाने त्यांच्या कपाळाला गुलाल लावला होता, आणि ते मूग गिळून बसले.

"मालकांना इचारा," मकबूल कळवळून म्हणाला, "शेला कालच माझ्याकडं होता."

पोलिसांनी विचारलं. हणमंतराव खाली बघून म्हणाले, "आठवत न्हाई."

दुकानात मुखवटा मिळाला नाही, तरी मकबूल दोन महिने आत राहिला. जामिनावर परत आला तर गावात कोणी कापड टाकेना. त्याची बायको साबेरा गिरणीत गेली की दळण तसंच परत मिळे. हणमंतराव बाजाराची वाट सोडून मागच्या गल्लीने जाऊ लागले.

खटला उभा राहिला. साक्षीदाराच्या पिंजऱ्यात वीरण्णा छाती ठोकून म्हणाला, "देवाच्या जनावरानं बोट दाखवलं."

"जनावराला बोट असतं का, पुजारीबुवा?" मकबूलची वकील पुनम म्हणाली. कोर्टात हशा पिकला. मग ती न्यायाधीशांकडे वळली. "कुत्र्याला शपथ देता येत नाही, उलटतपासणी घेता येत नाही. नुसत्या त्याच्या धावण्यावर माणूस चोर ठरत नाही. त्याने हुंगलं काय, हे माणसांनाच विचारावं लागेल."

मग हणमंतराव पिंजऱ्यात आले, तेव्हा तिने विचारलं, "शेला देवाच्या अंगावर चढण्याआधी कुठे होता?"

हणमंतरावांनी मकबूलकडे पाहिलं. तो किती वाळला होता. त्यांना स्वतःचीच किळस आली.

"मकबूलच्या मांडीवर," ते म्हणाले. "मीच दिला, मीच आणला."

"मग आठ महिने बोलला का नाहीत?"

"आधी गावाचं भ्या वाटलं. मंग लाज."

मकबूल निर्दोष सुटला. कोर्टाच्या पायरीवर हणमंतरावांनी त्याच्यापुढे हात जोडले.

"कुत्र्यानं खोटं न्हाई सांगितलं, मालक," मकबूल म्हणाला. "वास होता तिथं नेलं त्यानं. तोंड तुम्हाला होतं." आणि तो साबेराला घेऊन लातूरच्या जीपमध्ये बसला. गावातलं दुकान त्याने कधीच मोकळं केलं होतं.

दुसऱ्या सकाळी हणमंतरावांनी देवळात माणसं जमवली आणि शेल्याची सगळी हकीकत सांगितली. "हात लागला म्हणून वास लागला. कुणी चमत्कार म्हणलं की आधी इचारा, हे साध्या कारणानं झालं असंल का?"

"मंग मुखवटा नेला कुणी?" वीरण्णाने विचारलं.

"ठाऊक न्हाई," हणमंतराव म्हणाले. "त्या दिवशी गावानं एवढं जरी म्हणलं असतं, तरी मकबूल आज इथं असता. तुम्हाला ठाऊक नव्हतं, बाबांनो. मला ठाऊक होतं."