खोटे चार दिवस

“पाळी दर महिन्याला येते का?” डॉक्टरीणबाईंनी मला विचारलं आणि उत्तर सासूबाईंनी दिलं.

“येती तर. बारा तारीख ठरल्याली. चार दीस बाहेर बसती, मी थापते भाकरी.”

नारायणगावच्या त्या दवाखान्यात आम्ही तिघं आलो होतो. मी, माझा नवरा गोरख आणि सासूबाई, म्हणजे कुशाबाई. साल दोन हजार चार, लग्नाला सहा वर्षं झालेली. डॉक्टरीणबाईंनी कागदावर ‘नियमित’ लिहिलं. मग म्हणाल्या, पाळी नियमित असेल तर दोष नळ्यांमध्ये असू शकतो, भूल देऊन दुर्बिणीनं बघावं लागेल. गोरखनं लगेच मान हलवली. त्या बिचाऱ्याला डोकं उघडून बघू म्हटलं असतं तरी त्यानं मान हलवलीच असती.

मी गप्प बसले होते, कारण सासूबाई खोटं बोलत नव्हत्या. मी दर महिन्याला बाहेर बसतच होते. पाळी मात्र वर्षातून तीन-चारदाच यायची.

आळे गावात आमच्या घरी त्या दिवसांत बाईनं पडवीत पोत्यावर बसायचं, चुलीला आणि देव्हाऱ्याला शिवायचं नाही. त्यामुळे कुणाची पाळी कधी, हे सगळ्या आळीला पाठ. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी मी तीन महिने बाहेर बसले नाही. सासूबाईंनी पेढे वाटले, माझ्या माहेरी निरोप धाडला. शेजारच्या झुंबरबाई न मागता चिंचा देऊन गेल्या. चौथ्या महिन्यात रक्त गेलं आणि घरात सुतक आल्यासारखं झालं. जे कधी राहिलंच नव्हतं ते पडलं म्हणून सासूबाई तीन दिवस जेवल्या नाहीत. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. तेव्हा मी ठरवलं, यांना आता आशा लावायची नाही. बारा तारीख धरली आणि काही नसताना पडवीत जाऊन बसले.

तीन वर्षं हे चाललं. खोटी असली की चारचौघांत बसायचं आणि खरी अवेळी आली की लपवून घरभर वावरायचं.

डॉक्टरीणबाईंची नजर माझ्या हनुवटीवर थांबली. तिथले केस मी दोऱ्यानं काढायची, त्या दिवशी घाईत दोनचार राहिले होते. त्यांनी पुन्हा विचारलं, नक्की दर महिन्याला?

मला लाज वाटली आणि त्याहून जास्त भीती. हे कळल्यावर सासर सुटलं तर? पण एका खोट्यापायी भूल घेऊन पोटाला भोक पाडून घ्यायचं, इतकी वेडी मी नव्हते.

“लिवल्यालं खोडा, बाई,” मी म्हणाले. “मला चार-चार म्हैन्यांनी येती. बाकी मी खोटीच बसते.”

डॉक्टरीणबाईंनी ‘नियमित’ खोडलं. मग सोनोग्राफी झाली. अंडाशयाच्या कडेनं बारीक बारीक गाठी निघाल्या. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, याला पीसीओडी म्हणतात, पुष्कळ बायकांना असतो. बीज वेळेवर तयार होत नाही, म्हणून पाळी लांबते, हनुवटीवर केस येतात आणि दिवस राहत नाहीत. मूल होईल, कदाचित होणारही नाही. आधी गोळ्यांनी पाळी मार्गावर आणू, वजन उतरवा.

आळेफाट्यावर जीपमधून उतरल्यावर सासूबाईंनी विचारलं,

“म्हंजी खऱ्या पाळीत तू देवाला दिवा लावलास?”

“लावला, आत्या. देवानं काय म्हन्लं न्हाई. तुमी उपाशी ऱ्हाता, ते मला बघवत न्हवतं.”

गोरख चहा आणतो म्हणून गेला आणि चहा न आणताच परत आला.

पंधरा दिवस सासूबाई माझ्याशी बोलल्या नाहीत. मला फार वाईट वाटलं, पण गोळी एकही चुकवली नाही. रोज सकाळी कालव्याच्या कडेनं चालून यायची, चहातली साखर बंद केली. बारा तारीख आली तेव्हा चुलीपुढे बसून भाकरी थापल्या. झुंबरबाई डोकावल्या, गोड बातमी का म्हणाल्या. बातमी नाही, आजार आहे, असं मीच त्यांना सांगितलं. आजाराचं नावही सांगितलं. दुपारपर्यंत ते आळीभर झालं आणि मला हलकं वाटलं.

तीन महिने गोळ्यांच्या जोरावर पाळी येत राहिली, मग डॉक्टरीणबाईंनी गोळ्या थांबवल्या. आता शरीर आपलं आपण काय करतं ते बघायचं, पाळी आली की कॅलेंडरवर खूण करायची. मी दिवस मोजत राहिले. तीस गेले, बत्तीस गेले. चौतिसाव्या दिवशी दुपारी, कपडे धुताना, पाळी आली. मी पोतं उचललं आणि पडवीत बसले.

सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

“खरी का?”

“खरी, आत्या.”

त्या आत गेल्या. उघड्या दारातून मला दिसत होतं, त्या भिंतीवरच्या कॅलेंडरपुढे उभ्या होत्या. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. तिथूनच त्यांनी विचारलं, आजचं घर कोणतं. मी सांगितलं, गणपतीचं चित्र आहे ना, त्याच्या खालचं.

त्यांनी देव्हाऱ्यातला करंडा उघडला आणि कुंकवाचं बोट त्या घरावर टेकवलं. थोडं कुंकू शेजारच्या तारखेवरही गेलं.