थांबायचा नियम

मी लुसियाँ पारादी. गावात सगळे लुलूच म्हणतात. सकाळ-दुपार शाळेची बस चालवतो आणि बावीस वर्षं हिवाळ्यातल्या शुक्रवार-शनिवारी आइस हॉकीचा रेषापंच म्हणून बर्फावर उभा राहिलो. आमची लीग लहान, क्वेबेकच्या उत्तरेकडच्या नऊ क्लबांची. पण खेळाडू पगारी. शिट्टी आणि शिक्षा मुख्य पंचाकडे. आम्ही दोघं रेषापंच खेळातल्या रबरी चकतीनं रेष ओलांडली की नाही ते बघतो आणि मारामारी झाली की सोडवतो. सोडवतो म्हणजे लगेच नाही. आधी थांबतो.

तसा नियमच आहे. दोघांनी हातमोजे टाकले आणि एकमेकांचे शर्ट धरले की आम्ही दोन पावलं लांब उभं राहायचं. दोघं पायावर उभे आहेत आणि ठोसे चालू आहेत तोवर मध्ये पडायचं नाही. एक पडला किंवा दोघं दमले की मग हात घालायचा. कारण काय, तर पंचाला लागू नये. खरं कारण शेंबड्या पोरालाही माहीत आहे. तिकीट काढून आलेल्या लोकांना ते बघायचं असतं.

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी आमच्या गावच्या यानिक बोद्वाँनं हातमोजे टाकले, तेव्हा हॉलमधली सगळी माणसं उठून उभी राहिली. यानिक एकोणतीस वर्षांचा. स्केटिंग बेताचं, गोल तर वर्षाला दोन. त्याला क्लबनं ठेवलं होतं ते मारायला आणि मार खायला. बर्फाबाहेर मात्र इतका मऊ माणूस, की माझ्या बसमधली पोरं त्याच्या दंडाला लोंबकळायची आणि तो त्यांना घेऊन गोल फिरायचा.

समोरचा त्याच्याहून वीतभर उंच. पहिल्या झटापटीतच यानिकचं हेल्मेट उडालं. दुसरा ठोसा कानामागे बसला आणि मी त्याचे डोळे बघितले. डोळे उघडे होते, पण आत कोणी नव्हतं. हात खाली लोंबत होते. तो उभा होता तो समोरच्यानं शर्ट मुठीत धरला होता म्हणून. माझ्यापासून दोन पावलांवर.

पण उभा होता. आणि मी थांबलो.

आणखी दोन ठोसे बसले. मग शर्ट सुटला आणि यानिक सरळ मागे गेला. ओल्या लाकडावर कुऱ्हाड बसावी तसा आवाज झाला. त्याला स्ट्रेचरवर घातलं. दोन माणसांनी फावड्यानं तांबडा बर्फ खरवडून बादलीत भरला. तेवढ्या वेळात गाणं लावलं होतं, आणि लोक टाळ्यांचा ठेका धरून गात होते. आठव्या मिनिटाला खेळ सुरू झाला. चकती मीच टाकली.

यानिक महिनाभर इस्पितळात होता. घरी आला तो दुसराच माणूस होऊन. उजेड सहन होत नव्हता, आणि बोलता बोलता मध्येच थांबून खिडकीकडे बघत बसायचा. त्याच्या आईचं नाव जिनेत, ती एका बेकरीत काम करायची. ते सोडून ती त्याच्यापाशी राहिली.

जूनमध्ये लीगची नियमांची बैठक झाली, नदीकाठच्या एका हॉटेलात. आमच्या क्लबच्या डॉक्टर मार्लेन तुर्काँ यांनी ठराव आणला होता: जो मारामारी करेल तो त्या मॅचमधून बाहेर आणि पुढच्या दोन मॅचही बाहेर. पंचांच्या बाजूनं बसायला मला बोलावलं.

क्लबांचे नऊ मालक लांब टेबलाभोवती बसले होते. पुढ्यात अंडी, सॉसेज, मेपलचा पाक घातलेलं डुकराचं मांस. अध्यक्ष रोजे ग्रांमेझों, फर्निचरचं दुकान असलेला, माणसाच्या खांद्यावर हात टाकून बोलणारा.

डॉक्टरबाईंनी पडद्यावर ती मारामारी लावली. मी मान खाली घातली. तेवढ्यात कोणीतरी भरल्या तोंडानं म्हणालं, "आईशप्पथ, काय उजवा हात आहे रे त्याचा! परत दाखवा की."

आणि परत दाखवलं. सावकाश करून दाखवलं. यानिकचं डोकं मागे जाताना तिथं थांबवलं आणि हेल्मेटचा पट्टा कधी सुटला यावर पंधरा मिनिटं खल केला. समोरचा मालक पावाच्या तुकड्यानं बशीतलं पिवळं पुसून खात होता आणि डोळे पडद्यावर.

"बाई, तुमचं काळीज मोठं आहे, कबूल," ग्रांमेझों म्हणाला. "पण मारामारी काढली तर उरतं काय? माझ्या बायकोला आवडतं तसलं बर्फावरचं नाचकाम?"

सगळे हसले.

"एका तरुण माणसाचा मेंदू गेलाय," डॉक्टरबाई म्हणाल्या. "यात नाच कुठून आला?"

"अहो, यानिक आमचाच पोरगा आहे. त्यालाच विचारू ना! त्याच्यापेक्षा कोणाला जास्त कळणार?"

आणि त्यानं दार उघडलं.

यानिक बाहेरच बसवलेला होता. क्लबचा शर्ट, खाली नवी पँट, केस ओले करून बसवलेले. मागे जिनेत, पर्स पोटाशी धरून. नऊच्या नऊ जण उठून टाळ्या वाजवायला लागले. यानिकचं तोंड फुललं. त्यानं खिशातून कागद काढला आणि शाळेतल्या पोरासारखा वाचायला लागला.

"या खेळानं मला सगळं दिलं. माझी कोणाबद्दल तक्रार नाही. मी पुन्हा तेच करीन." मग त्याची नजर वरच्या ओळीवर गेली. "या खेळानं मला सगळं दिलं. माझी कोणाबद्दल तक्रार नाही."

जिनेतनं मागून त्याच्या कोपराला हात लावला तेव्हा तो थांबला. पुन्हा टाळ्या. ग्रांमेझोंनं तर डोळे पुसले. खरंच पुसले. खोटे पुसले असते तर मला इतकी किळस आली नसती.

यानिकला मी दिसलो. तो माझ्याकडे आला. "लुलू! आज बर्फ कसाय?"

खिडकीबाहेर लोक अर्ध्या चड्डीत आइस्क्रीम खात होते. "चांगलाय," मी म्हणालो.

"मग मऊ नाही ना?"

"नाही रे."

"बरं," तो म्हणाला आणि जिनेतबरोबर बाहेर गेला. दारातून वळून परत विचारलं, "लुलू, आज बर्फ कसाय?"

मला बोलायचं नव्हतं. मी उठलो ते तिथून पळून जावं म्हणून. पण उभा राहिलो आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले, तेव्हा तोंडातून निघून गेलं. "तो उभ्यानंच बेशुद्ध झाला होता. शेवटच्या दोन ठोशांच्या आधीच. मी बघितलं होतं. डोळ्यांत काही नव्हतं. मला हात घालता आला असता. मी थांबलो."

चमचे थांबले. वाटलं, आता कोणीतरी मला शिवी देईल. मला ती हवी होती.

ग्रांमेझों उठून आला आणि खांद्यावर हात टाकला. "लुलू, मनाला लावून घेऊ नकोस. तू नियमाप्रमाणेच वागलास. तुला कोणीही बोट लावू शकत नाही." मग चिटणिसाकडे वळून म्हणाला, "हे लिहू नका."

मत घेतलं. दोन बाजूनं, सात विरुद्ध. पण अगदीच हात हलवत कसं जायचं म्हणून एक नवा नियम केला: मारामारी करताना हेल्मेट डोक्यावर ठेवायचं, काढेल त्याला दोन मिनिटं जास्त बाहेर बसायची शिक्षा. पंचांनी थांबायचा नियम तसाच. मग जेवणाची वर्दी आली. सामन मासा होता. मी बाहेर पडलो.

गाड्यांच्या आवारात जिनेत यानिकला पुढच्या सीटवर बसवून पट्टा लावत होती. मी जवळ गेलो.

"कशाला आणलंस त्याला इथं?" मी म्हणालो. "माकडाचा खेळ केला त्यांनी त्याचा. तुला लाज नाही वाटली?"

तिनं दार लावलं. आवाज चढवला नाही. "चार महिन्यांत तो आज पहिल्यांदा हसला. बघितलंस? घरी मी केक करते, गाणी लावते, त्याच्या बालपणीच्या गोष्टी सांगते. ढिम्म. आणि त्या डुकरांनी टाळ्या वाजवल्या तर हसला. उद्या बोलावलं तर उद्याही आणीन."

ती गाडीला वळसा घालून आपल्या दाराशी गेली.

"आणि लाजेचं तू मला विचारतोस? तू किती लांब होतास रे, लुलू?"

"दोन पावलं."

तिनं मान हलवली, जणू तिला तेवढंच पक्कं करून घ्यायचं होतं. गाडीत बसली आणि निघून गेली.

यानिक उभ्यानंच बेशुद्ध झाला होता, हे मी तिला त्या वेळी सांगितलं नाही. आत नऊ मालकांना सांगितलं, आईला सांगायचं धाडस झालं नाही. त्या उन्हाळ्यात मला त्या नऊ जणांइतकीच माझीही शिसारी आली.

ऑक्टोबरमध्ये लीग सुरू झाली. पहिल्याच मॅचला दोघांनी हातमोजे टाकले. पहिला ठोसा पडायच्या आत मी मध्ये घुसलो.

"हट ना म्हाताऱ्या!" एक ओरडला.

"अरे, आमची भाकरी आहे ही!" दुसरा म्हणाला. आणि ते खरंच होतं, म्हणून जास्त लागलं.

एक कोपर माझ्या गालावर बसलं आणि दाढ हलली, पण मी सोडलं नाही. हॉलभर शिट्ट्या, शिव्या. बिअरचे कागदी पेले बर्फावर आले. माझ्याच गल्लीतली एक आजी काचेला तोंड लावून "मरू दे की त्यांना!" असं किंचाळत होती. तिच्या नातवंडांना मी रोज बसनं शाळेत सोडतो.

दुसऱ्या मॅचलाही तेच केलं, तिसऱ्यालाही. मग लीगचं पत्र आलं: नियम मोडून खेळात अडथळा आणल्याबद्दल पुढे मॅच मिळणार नाहीत. नियम मोडून! यानिकच्या वेळी एकाही नियमाला धक्का लागला नव्हता.

ते पत्र घेऊन मी डॉक्टरबाईंकडे गेलो. त्यांनी ते वाचलं. मग म्हणाल्या, "जे तिथं बोललात ते लिहून द्याल? सहीनिशी?"

"देतो. पण आधी एका घरी जाऊन यायला हवं."

त्या संध्याकाळी जिनेतच्या स्वयंपाकघरात बसून मी तिला सगळं सांगितलं. डोळे, लोंबणारे हात, दोन ठोसे. ती बटाटे सोलत होती. सोलायची थांबली नाही. शेवटी म्हणाली, "कळलं होतं मला. बैठकीतून आलास तेव्हाच तुझ्या तोंडावर दिसत होतं. आता जा. मला आज तू इथं नकोयस." मी उठलो. दारापर्यंत पोचलो तर म्हणाली, "लिहून दे त्या बाईंना. सगळं दे."

मी लिहून दिलं. डॉक्टरबाई तो कागद घेऊन बाकीच्या क्लबांच्या डॉक्टरांकडे गाडी हाकत फिरल्या, बर्फाच्या वादळातसुद्धा. जानेवारीत सहा डॉक्टरांनी एकाच दिवशी कळवलं की मारामारीची परवानगी असेल तोवर आम्ही मॅचला संघाच्या बाकावर बसणार नाही. विम्याच्या अटीप्रमाणे डॉक्टर नसेल तर मॅच नाही. एका शनिवारी चार मॅच रद्द झाल्या. पुढच्या शनिवारी पुन्हा चार.

सोमवारी सकाळी मालकांची फोनवरच बैठक झाली. जूनमध्ये अंडी-सॉसेज खात जे तीन तास नको म्हणाले, त्यांनी अकरा मिनिटांत होकार दिला. मारामारी केली की बाहेर. पंचांनी ताबडतोब मध्ये पडायचं.

बुधवारी पेपरात फोटो आला. "खेळाडूची सुरक्षा हीच आमची परंपरा," असं ग्रांमेझोंचं वाक्य ठळक अक्षरात. एक हात यानिकच्या खांद्यावर. यानिक हसतोय. जिनेत फोटोत नाही. डॉक्टरबाईंना कोणी बोलावलंच नव्हतं.

गुरुवारी ग्रांमेझोंचा फोन आला. "लुलू, ये बाबा परत. आता तर तुझ्या मनासारखं झालं! शनिवारची मॅच तुझी."

"येतो," मी म्हणालो. "तू आधी जिनेतकडे जा आणि तिला सांग, की तुझा पोरगा बेशुद्ध असताना त्याला मारलं जात होतं आणि आमच्या नियमानं ते चालू दिलं. एवढंच वाक्य. मी बरोबर येतो."

तो म्हणाला, "हे बघ, असलं काही बोलायच्या आधी वकिलाला विचारावं लागेल."

मी फोन ठेवला. नियम बदलला याचा आनंद व्हायला हवा होता, आणि कुठंतरी झालाही असेल. कोणाचं तरी डोकं वाचेल. पण त्या शनिवारी मी हॉलकडे फिरकलो नाही, आणि नंतरही नाही. आता रविवारी सकाळी बारा वर्षांखालच्या मुलींच्या मॅच घेतो. तिथं बघायला फक्त त्यांच्या आया असतात, थर्मासातली कॉफी पीत. जिनेत आता अर्धा दिवस परत बेकरीत जाते, आणि महिन्यातून एकदा तिथला उरलेला पाव आणून देते. ती आत येत नाही. मीही आत ये म्हणत नाही.