झाकलेली नडगी

त्रेचाळिसावा फोटो बेदाण्याचा निघाला. माशी नव्हे, बेदाणा. कुणीतरी बनपावावरचा बेदाणा भिंग लावून टिपला होता आणि खाली प्रामाणिकपणे लिहिलं होतं, "ही कुठली जात असावी?" विल्फ गार्साइडने चष्मा काढला, डोळे चोळले आणि चहा तोंडाला लावला. गार झाला होता. ऑगस्ट महिन्यात त्याला गरम चहा कधी मिळायचाच नाही.

फुलांवर घिरट्या घालणाऱ्या माश्यांची नोंद ठेवणारी माणसं इंग्लंडात गावोगावी आहेत, आणि त्यांचे फोटो येऊन पडतात ते कुणा ना कुणा विल्फच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर. कुठे दिसली, कधी दिसली, कुणी पाहिली, एवढं कळवायचं. जात कुठली ते विल्फने सांगायचं. यात पगार नाही, मानधन नाही, आणि माश्या तर कधी धन्यवाद म्हणत नाहीत. अकरा वर्षं झाली. निम्म्या फोटोंना त्याचं उत्तर ठरलेलं असे, म्हणून त्याने ते एकदाच लिहून ठेवलं होतं. बटण दाबलं की जायचं: "फोटोवरून जात सांगता येत नाही."

दुपारी गेरांटचा फोन आला. माश्यांच्या नकाशांचं जाडजूड पुस्तक निघणार होतं, त्याचा हा संपादक.

"विल्फ, उद्या सकाळी पानं छापायला जातायत. तुमच्या भागाचं तेवढं एकदा बघून 'ठीक' म्हणा. त्या दुर्मिळ पिवळ्या नडगीवाल्या माशीच्या नकाशावर तुमच्याकडचा एकच ठिपका आहे. एनिडबाईंच्या नोंदीचा."

"बघतो," विल्फ म्हणाला.

"बघायचं काय त्यात? उत्तरेकडे एवढ्या वर कुणालाच मिळालेली नाही. त्यांचं नाव छापून येणार, म्हणजे बरंच झालं."

एनिड त्याची बायको. तिला जाऊन पाच वर्षं झाली होती. तो ठिपका म्हणजे पुस्तकात उरणारी तिची एकुलती एक खूण होती, आणि तो राहावा असं विल्फला मनापासून वाटत होतं. "बघतो" असं तो का म्हणाला, ते त्याला ठाऊक होतं.

फोन ठेवतोय तोच दार वाजलं. दारात मोइरा थ्रेलफॉल. दोन गल्ल्या सोडून राहणारी, शाळेत मुलांना जेवण वाढून निवृत्त झालेली बाई, आवाज अजून शाळेचाच. यंदा तिने दीडशे फोटो पाठवले होते आणि त्यातल्या शंभरांना तेच उत्तर मिळालं होतं.

"मिस्टर गार्साइड, हे बघा," तिने फोन पुढे केला. "हॉलिन क्लफच्या रानात, काटेरी बेरीच्या पानावर. शेपूट सोन्यासारखं. आणि तुम्ही म्हणता सांगता येत नाही?"

"शेपूट दोन्ही जातींचं सोनेरी असतं, बाई. साधीचंही आणि दुर्मिळ असते तिचंही. फरक मागच्या पायाच्या नडगीत. साधीची अर्धी काळी, दुर्मिळ असते तिची सगळी पिवळी. तुमच्या फोटोत नडगी पानाआड गेलीय."

"म्हणजे मी त्या माशीला म्हणायचं होतं, बाई गं, जरा पाय पुढे कर?"

"जाळीत धरायची होती."

"आणि टाचणीवर टोचायची होती. नको. माझ्याच्याने नाही होत ते." मोइराची नजर भिंतीवर गेली. चुलीच्या वर चौकटीत एनिडचा फोटो होता, म्हणजे एनिडने काढलेला माशीचा. ती जवळ गेली, मान वाकडी करून बघत राहिली. "ह्या माशीची नडगी कुठाय?"

विल्फने गार चहाचा कप उचलून मोरीत ठेवला.

"ही पण पानाआडच आहे की."

"मी होतो तिथे," विल्फ म्हणाला. "मी डोळ्यांनी पाहिली."

"असं होय. मग ठीक." मोइराने फोन पिशवीत टाकला. ती चिडली असती तर परवडलं असतं. "माझ्याबरोबर रानात कुणी येत नाही, म्हणून माझी राहिली," एवढंच म्हणून ती गेली.

विल्फ खुर्चीत बसला.

त्याने पाहिली नव्हती. एनिडच्या आजारपणातला तो पहिला बरा दिवस होता. डोक्याला रुमाल, हातात नवा कॅमेरा, दर वीस पावलांवर दम खायला थांबत ती रानापर्यंत आली. माशी पानावर बसली. विल्फने जाळी उचलली, तर तिने मनगट धरलं. "राहू दे रे विल्फ. जगू दे तिला." फोटो निघाला, माशी उडाली. मग एनिडने विचारलं, "कुठली होती?" आणि ज्या माणसाने उभ्या जन्मात पुराव्याशिवाय एका माशीचं नाव घेतलं नव्हतं, तो म्हणाला, "पिवळ्या नडगीची. मी बघितली." त्या दिवशी ती परतताना कुठेही थांबली नाही. पुढे बेकरीवाल्यालासुद्धा सांगून आली, आमच्या भागातली पहिली. एवढ्याने माणूस हसत असेल तर खोटं बोलायला काय जातं? जात काहीच नाही. फक्त ते नकाशावर जाऊन बसतं.

त्याने गेरांटला फोन लावला. "तो ठिपका काढ. नडगी दिसलेली नाही."

"विल्फ, एका ठिपक्याने कुणाचं काय बिघडतंय? राहू द्या हो. दमलायत तुम्ही."

"दमलोय खराच. म्हणूनच काढ म्हणतोय. मोइराबाईंना नाही म्हणायचं आणि घरच्या माशीला हो, हे आता झेपत नाही मला."

गेरांट म्हणाला, "मग नोंद तुम्हीच बदला. मला ते करवणार नाही."

विल्फने नोंद उघडली. कुणी पाहिली: एनिड गार्साइड. कुणी ओळखली: विल्फ गार्साइड. जातीचं नाव त्याने पुसलं. कारण लिहायच्या रकान्यात तो कर्सर लुकलुकत ठेवून बसला. काय काय लिहिता आलं असतं. शेवटी हात सवयीने गेला आणि त्याने ते एक बटण दाबलं.

कपाटाच्या खणात काहीतरी टुणकन वाजलं.

एनिडचा टॅब्लेट. दर रविवारी तो चार्ज करून ठेवायचा. कशासाठी, ते कुणी विचारलं नव्हतं आणि त्यालाही सांगता आलं नसतं. त्याने खण उघडला. पडद्यावर पत्र आलं होतं, आपोआप जाणारं, नोंद बदलली की पाहणाऱ्याला जातं ते.

"प्रिय एनिड, तुमची नोंद तपासली. फोटोवरून जात सांगता येत नाही. – विल्फ गार्साइड."

अकरा वर्षांत हजारो जणांना हे वाक्य त्याने पाठवलं होतं. मिळालं पहिल्यांदाच. त्याने ते दोनदा वाचलं. काय हे लिहिणं, त्याला वाटलं, साधं 'माफ करा' सुद्धा नाही.

खाली दोन बटणं होती. मान्य. हरकत आहे. एनिड हरकत घ्यायची, सगळ्याला घ्यायची, त्याच्या मोज्यांपासून. विल्फ टॅब्लेट मांडीवर घेऊन वाट बघत बसला. खिडकीत ऊन होतं तोवर बसला. मग त्याने तिच्या वतीने 'मान्य' दाबलं, आणि मोइराला लिहायला घेतलं: "माफ करा. नडगी मीही पाहिली नव्हती. उद्या रानात जाणार असाल तर मी येतो. जाळी आणणार नाही."

मग चव्वेचाळिसावा फोटो उघडला. यातही नडगी पानाआडच होती.