चुकणारा ठोका

"डॉक्टर व्हावी म्हणून लातूरच्या क्लासला धाडली, आन् आता बसलीय तारा डागत रेडिओवाल्यावानी," भाकरी थापता थापता धुरपता पुटपुटली. लेकीला ऐकू जावं इतपतच हळू.

दीपालीनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. डॉक्टरकी थोडक्यात हुकली होती. आता नांदेडला बायोमेडिकल इंजिनिअरिंगचं तिसरं वर्ष. सुट्टी संपली की प्रोजेक्ट दाखवायचं होतं. बोटाला चिमटा लावला की काळजाच्या दर ठोक्याला लाल दिवा लुकलुकायचा.

तिनं स्वतःला लावला. दिवा नीट. आईला लावला. "करंट लागतो का गं?" म्हणत आईनं डोळे गच्च मिटले, पण दिवा नीट. मग वडिलांना, अण्णांना.

लुक. लुक. मग काहीच नाही. मग घाईघाईनं दोन. मग पुन्हा अंधार, बराच वेळ.

"बिघडलं जणू," अण्णा म्हणाले.

"सेल उतरला असेल." तिनं सेल बदलला, तार पुन्हा डागली. पुन्हा तेच. यंत्रातली खोट शोधायलाच तर तिला शिकवलं होतं, आणि आज ती मनातून विनवत होती, एखादी खोट सापडू दे. अण्णांचं मनगट वीतभर अंतरावर होतं. नाडी बघायला ना सेल लागतो ना तार. पण हात पुढं होईना.

भूकंपात थोरला लेक भारत घराच्या मातीच्या माळवदाखाली दबून गेला, तेव्हापासून अण्णा छताखाली झोपले नव्हते. पुनर्वसनाचं पक्कं घर मिळालं तरी बाज अंगणातच. छातीत धडधडलं, चढावर दम लागला, की सगळं घर म्हणायचं, भूकंपाची धास्ती हाय. धास्तीला दवाखाना लागत नाही. दुखण्याला लागतो, आणि लातूरचा दवाखाना तीन मजली, डोक्यावर स्लॅबच स्लॅब.

"तुजं मशीनच खुळं," अण्णा हसले. चिमटा काढून त्यांनी तिच्या पुढ्यात ठेवला. "मला धास्ती हाय बाई, जुनीच."

दीपाली मान डोलावणारच होती. हो म्हणणं फार सोपं होतं.

धुरपता चुलीपुढून उठली. पिठाच्या हातानंच तिनं नवऱ्याचं मनगट धरलं, लेकीदेखत, जन्मात पहिल्यांदा.

"मशीन बराबर हाय," ती म्हणाली. "तुमी झोपलाव की मी छातीला कान लावून बघते. मधीच थांबतंय. ही धास्ती न्हाई, काळजाचं दुखणं हाय. सकाळच्या यष्टीनं लातूरला जायाचं. स्लॅबखाली मी बसते तुमच्यासंगं."